'मला खाल्लंस की!' : खेळांवरचे आरोप आणि पटाभोवती प्रत्यक्षात घडणारे

हदगावच्या बाजूला एखाद्या पारावर किंवा देवळाच्या ओट्यावर कोळशाने आखलेला वाघ-बकरीचा पट ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी तिथले संभाषणही ऐकले असेल. 'मला खाल्लंस की!' असे एक आजोबा म्हणतात आणि पटावरून उचलून बाजूला ठेवतात तो एक चिंचोका. खाल्ला गेला चिंचोका. बोलतात आजोबा, आणि तेही प्रथमपुरुषात. आजूबाजूला बसलेल्यांपैकी कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. आजोबांना आपण बकरी असल्याचा भ्रम झाला, असा निष्कर्ष कोणी काढत नाही.

साधारण पंचेचाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत नेमक्या अशाच वाक्यांवरून मोठे वादळ उठले. मुले टेबलाभोवती बसून 'मी मेलो', 'मी राक्षसावर तलवार चालवतो' असे म्हणतात, म्हणजे त्यांचे वास्तवाचे भान सुटले आहे, असा आरोप झाला. वर्तमानपत्रे, कादंबरी, दूरदर्शनपट, पालकांच्या संघटना असे सारे त्यात उतरले. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेचा चौथा भाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या वादळाची सावली ओळखीची वाटेल. आजचा धागा त्या आरोपाचा आहे, आणि आपल्याकडच्या त्याच्या थोरल्या भावंडाचाही. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारायचा आहे: खेळाविषयी जे बोलले गेले ते, आणि खेळताना जे घडत होते ते, यांचा परस्परांशी संबंध किती?

आधी खेळ समजून घेऊ. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून एक खोका विक्रीस आला. त्यात तीन पुस्तिका होत्या आणि खेळाचे नाव होते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. पहिली आवृत्ती केवळ एक हजार प्रतींची. खेळाची रीत अशी की एक जण सूत्रधार होतो आणि परिस्थिती सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. आपले पात्र काय करते ते तोंडाने सांगायचे. ते साधेल की नाही याची शंका असेल तिथे फासा टाकायचा. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. जिंकणे-हरणे जवळपास नसतेच. कथा पुढच्या बैठकीत पुढे चालू राहते.

या खेळाची वंशावळ लष्करी आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आवडेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी 'क्रीगश्पील', म्हणजे युद्धखेळ, घडवला. पुत्राने त्याला १८२४ मध्ये दिलेले रूप प्रशियन सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारले. त्यात दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच असे, आणि सेनापतीला प्रत्यक्ष रणांगणावर जेवढे कळले असते तेवढेच तो त्यांना सांगे. आजच्या सूत्रधाराचा आजोबा हाच. पुढे छंद म्हणून युद्धखेळ खेळणाऱ्यांची मंडळे युरोप-अमेरिकेत निघाली. तो तपशील इथे सोडून देतो, कारण मला तुम्हाला १९६९ मधल्या एका फसलेल्या बैठकीकडे न्यायचे आहे.

मिनेसोटातल्या मिनिआपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातले 'ब्राउनश्टाइन' हे काल्पनिक जर्मन गाव मांडले. दोन सैन्ये गावावर चालून येणार, ही नेहमीची मांडणी. पण खेळायला माणसे जास्त आली, म्हणून त्याने काहींना सैन्याऐवजी गावातली माणसे वाटून दिली: नगराध्यक्ष, विद्यापीठाचा प्रमुख, असे. लढाई सुरू होण्यापूर्वीच खेळाडू कोपऱ्यांत जाऊन कुजबुजू लागले, करार करू लागले, एकमेकांना फसवू लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्ध ठरवले. वेस्लीचे सगळे नियम कोलमडले. बैठक फसली असे मानून तो खिन्न झाला. खेळाडू मात्र पुन्हा कधी खेळायचे, असे विचारत मागे लागले. त्या खेळाडूंत डेव्ह आर्नेसन होता. म्हणजे ज्या प्रकाराला पुढे 'भान हरपणे' म्हटले गेले, त्याच्या उगमाशी प्रत्यक्षात काय होते? बोलणी, वाटाघाटी, कुरघोडी. गावच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री चावडीवर जे चालते तेच.

आता वादळाकडे. ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला सोळा वर्षांचा एक अतिशय बुद्धिमान विद्यार्थी वसतिगृहातून नाहीसा झाला. कुटुंबाने नेमलेल्या खासगी गुप्तहेराला त्याच्या खोलीत शिरल्यावर कळले की मुलगा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत असे. विद्यापीठाच्या इमारतींखाली वाफेच्या नळांची भुयारे होती. खेळाच्या नादात मुलगा त्या भुयारांत हरवला असावा, असा तर्क गुप्तहेराने पत्रकारांपुढे मांडला, आणि तर्काची बातमी झाली. महिनाभराने मुलगा सापडला तो शेकडो मैल दूर, लुइझियाना राज्यात. तो भुयारांत शिरला होता खरा. पण खेळायला नव्हे, जीव द्यायला. वयाच्या मानाने फार पुढच्या वर्गात टाकलेले, एकाकी, अभ्यासाच्या आणि घरच्या अपेक्षांच्या ओझ्याखाली दबलेले ते पोर होते. पुढच्याच वर्षी त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि तो गेला. त्या गुप्तहेराने १९८४ मध्ये पुस्तक लिहून खेळाचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे मान्य केले. तोपर्यंत १९८१ मध्ये रोना जाफी यांची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी येऊन गेली होती आणि १९८२ मध्ये तिच्यावर दूरदर्शनपटही निघाला होता. त्यात खेळात हरवलेल्या तरुणाचे काम टॉम हँक्सने केले होते. तेव्हा तो फारसा कोणाला ठाऊक नव्हता. १९८३ मध्ये मुलगा गमावलेल्या एका आईने खेळाविरुद्ध संघटना उभी केली. तिचे दुःख खरे होते, याविषयी दुमत नाही. पण खरे दुःख म्हणजे खरे कारण नव्हे, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकते ते हेच की त्या सोळा वर्षांच्या मुलाला कशाची मदत हवी होती, हा प्रश्न फाशांच्या गोंगाटात कोणाला ऐकूच आला नाही.

याच काळात एक माणूस मात्र टेबलापाशी जाऊन बसला होता. गॅरी ॲलन फाइन हा समाजशास्त्रज्ञ १९७० च्या दशकाच्या अखेरीस मिनिआपोलिसमधल्या एका खेळमंडळात नियमाने जाई. मंडळाच्या बैठका भरत त्या पोलीस ठाण्याच्या सभागृहात; ज्या खेळाला लोक गुन्हेगारीची पाठशाळा म्हणत होते तो पोलिसांच्या छपराखाली चालला होता. फाइनचे 'शेअर्ड फँटसी' हे पुस्तक १९८३ मध्ये आले. त्याने दाखवले की टेबलाशी बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तीन जण असतो. पहिला म्हणजे घरी जायला उशीर होतोय असे वाटणारा माणूस. दुसरा, नियम ठाऊक असलेला आणि आकडेमोड करणारा खेळाडू. तिसरा, तलवार घेतलेले पात्र. बोलता बोलता तो या तिघांत ये-जा करतो. 'मी दार फोडतो', 'थांब, माझी ताकद किती लिहिलीय?', 'वेफर्स इकडे सरकव', ही तीन वाक्ये एका दमात येतात, आणि कोणते वाक्य कोणाचे हे ऐकणाऱ्यांना सांगावे लागत नाही. मेणबत्त्या, झगे आणि मंत्र शोधायला गेलेल्या माणसाला तिथे सापडतील त्या खोडलेल्या पेन्सिलीच्या नोंदी, बेरजा, आणि नियमाच्या एका ओळीवरून अर्धा तास चाललेला वाद. भान हरपण्याचे तर सोडाच. पात्रात दहा मिनिटे सलग राहणेही फार थोड्यांना जमते.

हे झाले तिकडचे. आपल्याकडे पटावरच्या खेळांवर असा आरोप झाला नाही, याचे कारण आपल्याकडे आधीपासूनच दुसरा आरोप तयार होता: जुगार. पट दिसला की मराठी मनात सभापर्व उभे राहते. त्यातही आपल्या डोळ्यांपुढचे चित्र १९८८ नंतरच्या रविवार सकाळच्या मालिकेने दिलेले आहे: चौपदरी पट, हस्तिदंती सोंगट्या, शकुनीच्या बोटांत फिरणारे फासे. मूळ सभापर्वातले द्यूत 'अक्षां'चे आहे. वैदिक काळापासून हे अक्ष म्हणजे बेहड्याची फळे, हे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तावरून कळते. सोंगट्या धावत आहेत असा पट त्या प्रसंगाला लागत नाही. शिवाय बारकाईने वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. पहिला फासा पडण्यापूर्वीच वाद होतो. पण दुर्योधनाचे, फासे शकुनीचे, हे कसे? एकासाठी दुसऱ्याने खेळणे मला विषम वाटते, असा आक्षेप युधिष्ठिर घेतो, आणि तो रेटत नाही. अनर्थ घडतो तो या अर्धवट सोडलेल्या आक्षेपापासून. कोणत्याही जुन्या खेळाडूला विचारा: नियम कोणाचे, हे आधी ठरले नाही की डाव बिघडलाच.

सभापर्वाच्या सावलीतून बाहेर आले की मराठवाड्यात पटाची निराळीच चित्रे दिसतात. वेरूळच्या १४, २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वती अक्षक्रीडेला बसलेले आहेत. खाली गणांची टोळी बिचाऱ्या नंदीला छळत आहे. शिल्पकाराने दाखवला आहे तो नवरा-बायकोचा डाव: रुसवा, आग्रह, आणखी एक खेळू म्हणून केलेली विनवणी. स्कंदपुराणाच्या केदारखंडातल्या कथेत शिव सर्वस्व हरतो आणि रागाने अरण्यात निघून जातो. मग पार्वती शबरीचा वेष घेऊन त्याला परत आणायला जाते. इथे डाव संपतो आणि सोंग सुरू होते. हा धागा लक्षात ठेवा.

कारण लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत ज्या देवाचा जयघोष होतो, त्या खंडोबाची कथाही तीच वाट धरते. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळतात, खंडोबा हरतो, आणि पैजेप्रमाणे बारा वर्षे घर सोडून निघतो. तो जातो बाणाईच्या वाड्यावर, मेंढरे राखणारा चाकर बनून. देव हरतो, चाकराचे सोंग घेतो, आणि त्या सोंगातूनच त्याचे दुसरे लग्न घडते. पुढे जागरणात वाघ्या-मुरळी म्हाळसा-बाणाईचे भांडण रंगवतात, तेव्हा एकच गायक क्षणात म्हाळसा होतो, क्षणात बाणाई, आणि मध्येच यजमानाकडे वळून खंडोबाच्या नावाने दक्षिणा मागतो. फाइनने पोलीस ठाण्याच्या सभागृहात ओळखलेले ते तिघे आमच्याकडे भंडाऱ्याने माखलेले असतात, एवढाच फरक.

हदगावाजवळच्या माहूरशी नाते असलेली एक कथा तर याहून वास्तव आहे. महानुभाव परंपरेप्रमाणे माहूरला श्रीदत्तात्रेयांनी वाघाच्या वेषात चांगदेव राउळांच्या मस्तकी पंजा ठेवला, आणि हेच चांगदेव राउळ पुढे भडोचच्या हरिपाळदेवाच्या देहात अवतरले. तोच हरिपाळदेव नंतर चक्रधरस्वामी म्हणून ओळखला गेला. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लिहिलेले लीळाचरित्र सांगते की हा प्रधानपुत्र द्यूत खेळत असे. एकदा तो मोठी रक्कम हरला आणि देणे फेडण्यासाठी त्याने पत्नी कमळाइसेकडे तिचे दागिने मागितले. तिने नकार दिला. पुढे तो रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घराबाहेर पडला आणि परतला नाही. संप्रदायाने आपल्या संस्थापकाची ही गोष्ट लपवली नाही, याचे मला नेहमी आदरयुक्त आश्चर्य वाटते. सभापर्वात पत्नी पणाला लागते. इथे पत्नी आपले स्त्रीधन हातातून सोडत नाही, आणि तिथेच द्यूताचा विषय संपतो. गद्य मराठीतल्या पहिल्या मोठ्या ग्रंथात द्यूत दिसते ते असे, घरातल्या देण्याघेण्याच्या पातळीवर.

त्याच्याही आधी, लातूरच्या सीमेला लागून असलेल्या कल्याणीत, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळ, फासे आणि कवड्या यांच्या खेळांची सविस्तर वर्णने आहेत. पटावरची क्रीडा हा त्या राजाच्या दिनक्रमाचाच भाग होता. (मोक्षपटाविषयी अनेकांचे प्रश्न येतात; त्यावर स्वतंत्र धागा लिहीन. इथे शिरलो तर बाहेर येणार नाही.)

आरोप जेव्हा कायदा होतो तेव्हा काय घडते, त्याचे उदाहरणही जवळचेच आहे. हैदराबाद संस्थानाचा जुगार कायदा १३०५ फसलीचा, म्हणजे साधारण १८९५-९६ चा. हदगाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. या कायद्यात एक गृहीतक होते: छापा पडला आणि जागेत पत्ते वा जुगाराची साधने सापडली, तर ती जागा जुगाराचा अड्डा मानली जाई. तसे नाही, हे दाखवण्याची जबाबदारी खेळणाऱ्यांवर. काय खेळत होते, कसे खेळत होते, हा नंतरचा प्रश्न. संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेला. कायदा तिकडे तसाच राहिला. १९६० च्या दशकात सिकंदराबादच्या एका क्लबवर छापा पडला. मंडळी पैसे लावून रमी खेळत होती. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने सोडले, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

१९६७ मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. निकालात लक्ष वेधून घेते ते हे की न्यायालय पत्त्यांच्या डावापर्यंत गेले. पाने पिसून वाटली जातात, तेवढा भाग दैवाचा. तो तर ब्रिजमध्येही असतोच. पण कोणते पान कोणी टाकले हे ध्यानात ठेवावे लागते, कोणते ठेवायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवावे लागते. म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ. तीन पत्तीसारख्या निव्वळ दैवाधीन खेळांच्या पंक्तीत तिला बसवता येणार नाही. क्लब खेळणाऱ्यांकडून घेत असलेले शुल्कही अड्ड्याचा नफा ठरण्याजोगे नाही. गृहीतक खोडले गेले. अर्थात क्लब वा मालक डावातूनच कमाई करत असेल तर गुन्हा होऊ शकतो, हेही न्यायालयाने बजावले. २०२५ पर्यंत ऑनलाइन रमीच्या जाहिराती हा निकाल मिरवत तेव्हा हे दुसरे वाक्य सोयीस्करपणे गाळले जात असे. पत्ते हातात घेऊन समोरासमोर बसलेल्या चार माणसांविषयीचा तो निकाल होता.

या साऱ्यात न्यायमूर्ती आणि समाजशास्त्रज्ञ यांची रीत एकच दिसते: आधी डाव पाहा. गुप्तहेराने डाव पाहिला नव्हता. कादंबरीच्या वाचकांनीही पाहिला नव्हता. दारी येणाऱ्या बहुरूप्याची गंमत ज्यांनी लहानपणी अनुभवली आहे, त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. फौजदाराचा गणवेश घालून तो अंगणात येतो, वॉरंट निघाल्याचे ठणकावून सांगतो, घरातले सगळे घाबरल्याचे नाटक करतात. तो फौजदार नाही हे त्याला ठाऊक, आपल्याला ठाऊक, आणि आपल्याला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक. पसाभर ज्वारी वा दहाची नोट मिळाली की वॉरंट रद्द. लांबून पाहणाऱ्या परक्याला मात्र वाटेल की या घरावर काही तरी संकट कोसळले आहे.

पुन्हा ओट्यावर येऊ. वाघ-बकरीचे नियम गावागणिक थोडे बदलतात, पण गाभा एकच. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला खाता येत नाही, तिने फक्त वाट अडवायची. दोन्ही बाजूंना सारखे सैन्य देणाऱ्या बुद्धिबळाहून हा खेळ वेगळा आहे, कारण इथे बसतानाच भूमिका निवडावी लागते. नवख्या पोराला वाघ व्हायचे असते. मुरलेला खेळाडू बकऱ्या मागून घेतो. दोन-तीन खाऊ देतो, प्रत्येक वेळी 'मला खाल्लंस की!' म्हणून कपाळाला हात लावतो, आणि त्या नाटकात पोर गुंतलेले असताना वाघाच्या वाटा एकेक करून बंद करतो. पोराला कळते तेव्हा वाघाला हलायला घर उरलेले नसते.

किनवट वा भोकर ओलांडून तेलुगू मुलखात गेलात तर हाच खेळ तिकडे भेटेल. त्यात फासा नाही, कवडी नाही, दैवाचा कणभर अंश नाही, आणि ओट्यावर पैजही सहसा नसते. तेलुगूत त्याचे एक नाव आहे 'पुलि-जूदम'. पुलि म्हणजे वाघ. जूदम म्हणजे जुगार.